खडूची रेघ

वीस मिनिटं झाली की प्राध्यापक श्केर्ल टाळी वाजवतात.
एकच.
मुलं कोळशाचे हात पँटला पुसतात,
कुणी सिगारेटसाठी जिना उतरतं.
मी शाल ओढून घेते, पण उठत नाही.
उठणं हे माझ्याकडे एक क्रियापद नाही, चार-पाच आहेत.
आधी पायाची बोटं.
मग घोटे, चहात साखर ढवळावी तसे सावकाश.
मग गुडघा, त्याला विचारून.
कंबर शेवटी. ती रुसलेलीच असते.

ल्युब्लियानातला नोव्हेंबर म्हणजे धुकं,
नदीतून वर येतं आणि दुपारपर्यंत घरी जात नाही.
स्टुडिओत हीटर एकच.
माझी डावी बाजू तापते,
उजवी धुक्यात राहते.

लहानपणी मी अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायचे,
वर्गातली पोरं एकेक चॉकलेट द्यायची.
तिलेननं दोन दिली होती, कोपर उलटं करून दाखव म्हणून.
आता बेचाळिशीत सांगते, अंग धरलंय,
तर लोक हसतात:
तुझं? तुझं कसं धरेल?

मीही हेच विचारलं होतं त्येयाला.
त्येया फिजिओथेरपिस्ट, आखूड केसांची,
तिच्या खिडकीत एक वाळून गेलेलं नेच्याचं रोप.
म्हणाली, तुझे सांध्यांचे दोरे सैल आहेत,
म्हणून स्नायू दिवसभर दार धरून उभे असतात.
तू बसतेस. ते बसत नाहीत.
तू जेवढी स्तब्ध, तेवढे ते घाबरट.

त्या दिवशी सहा नंबरच्या बसमध्ये मी थोडी रडले.
इतकी वर्षं कुणीतरी माझ्यासाठी जागत होतं
आणि मी त्यांना आळशी म्हणत होते.

मोह एकच: ताणायचा.
पाय मानेमागे नेता येतो मला, अजूनही,
आणि अगदी टोकाशी एक गोड कळ असते,
खाजवल्यासारखी.
त्येया म्हणते, टोकाच्या अलीकडे थांब.
तुझ्या बाबतीत व्यायाम म्हणजे
जाता येत असून न जाणं.
पहिल्या नवऱ्याच्या वेळी कुणी हे सांगितलं असतं तर.

तेव्हापासून मी चौथऱ्यावर चोरून हलते.
टाच तांदळाएवढी दाबते, सोडते.
मांडी आवळते, सोडते.
श्वास पाठीकडच्या बरगड्यांत पाठवते.
बाहेर पुतळा,
आत पहारेकऱ्यांची पाळी बदलत असते.

श्केर्ल माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ मारतात,
विश्रांतीनंतर मी तिथेच परतावं म्हणून.
मी परतते.
पाऊल रेघेत बसत नाही.
कधी करंगळी बाहेर, कधी टाच अर्धा बोट आत.
मग कुरकुर सुरू होते: खांदा बदलला,
मान मघाशी अशी नव्हती.
कुणीतरी खोडरबर मागतं.
मी काही बोलत नाही. मला तासाचे पैसे मिळतात,
न बोलण्याचेही त्यातच आले.

काल वर्ग संपल्यावर ब्रिनाच्या चित्रासमोर थबकले.
एकोणीस वर्षांची असेल. नखं कुरतडलेली.
तिनं जुना खांदा पुसला नव्हता,
नवा त्यावरच काढला होता.
गुडघ्याला तीन रेघा.
पोटरी तर नुसती खसखस.
कानापर्यंत लाल होत म्हणाली,
चुकलंय, म्हणजे, तुम्ही हलता ना.

हलते, मी म्हटलं.
आणि माझा कोट तिच्या हातात दिला:
मागून धर जरा,
हा खांदा मागे जात नाही.
म्हणजे जातो गं. फार जातो.
म्हणूनच धर.