तिरपी रेघ

पलूसच्या डेअरीत फॅटचं मशीन
सव्वापाचला आकडा सांगतं, तीन पॉइंट आठ.
का, ते सांगत नाही.
पाठीवर कंपनीचं सील.

पूर्वी काटा मारलेला दिसायचा तरी :
तागडीखाली चिकटवलेली चिंच.

तबस्सुम मुजावरनं सील काढून
दुसरा प्रोग्राम बसवला,
कुणीतरी कुठल्याशा देशात लिहून
उघडा ठेवलेला.
ओळ न् ओळ छापली,
टाचली दरपत्रकाशेजारी.

कुणाला वाचता येतंय?
सेक्रेटरी हसले.

चार दिवस कुणी थांबलं नाही.

पाचव्या पहाटे कासाबाईनं किटली खाली ठेवली,
एका ओळीवर ओलं बोट टेकवलं :
ही तिरपी रेघ काय म्हणती?

भागाकार.

मग आमचं दूध कशानं भागलंय?

तबस्सुम ओळ पुन्हा वाचते.
रांग थांबलेली.
बोटाखाली शाई पसरत चाललीय.