घारीची पाठ

पहिल्या रविवारी आप्पांनी आमच्याच डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या.
मांजरपाटाच्या, धुतलेल्या, नीळ दिलेल्या.
आम्ही अकराजण: पोस्टातले दोघे, एक औषधांच्या दुकानातला,
नर्सिंगच्या तीन मुली, मी ड्रॉइंगचा मास्तर,
बाकीचे कोण ते पट्टीआड विसरलो.
"चला," म्हणाले, "इथून त्या बाभळीपर्यंत."
कुठली बाभूळ, हे कुणी विचारलं नाही.
मला ती सापडली. कोपराला.

कौतिक आप्पा बोरसे. जन्मापासून दिसत नाही.
धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं
हेडफोन लावून बसलेले.
अजून बोलता बोलता मध्येच थांबतात,
पलीकडे कुणी आहे ना, याची खात्री करून घेतात.

"'सांभाळून' हा शब्द नको," त्यांनी बजावलं.
"काय सांभाळू? गुडघा, की डावी बाजू?
'इकडे' नको. 'तिकडे' तर नकोच.
बोट दाखवाल, तर ते तुमचं तुम्हीच बघाल.
पायरी चढती की उतरती, ते आधी.
खडी सुटी असेल तर सुटी म्हणा.
खड्डा शे, तर किती खोल शे?
आणि वाटेत काही सुंदर दिसलं
तर खिशात ठेवा. थांब्यावर काढा."
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

चौथ्या रविवारी लळिंगचा किल्ला.
माझ्या मनगटाला सुती दोरी, हातभर,
दुसऱ्या टोकाला योगिता अहिरे, देवपूरची,
बँकेच्या परीक्षांना बसणारी, माझ्याहून भरभर चालणारी.
चढ सोपा गेला.
चढताना माणूस पडला तर पुढे पडतो, हातांवर.
उतरताना कशावर पडेल, सांगता येत नाही.

अर्धी पायरी. सुटी खडी. डावा पाय, खोल.
उजवीकडे कातळ, खांद्याला लागेल.
सपाट, दोन पावलं. पुन्हा उतार.
माझा आवाज मलाच परका वाटत होता,
बसस्टँडवरच्या घोषणेसारखा.

आणि खाली कुरणावर घार.
खाली! माझ्या पायांखाली.
वीस वर्षं मी पोरांना घारीचं पोट काढायला शिकवलं,
कारण ती नेहमी डोक्यावर असते.
तिची पाठ मी पाहिलीच नव्हती.
पिवळ्या गवतावरून ती सरकत होती
पंख न हलवता, स्वतःच्या सावलीला ओढत.

दोरी ताणली गेली.
योगिता एका पायावर उभी.
दुसरा हवेत, बुटाची लेस सुटलेली,
टेकायला जागाच नसल्यासारखा.
"काय व्हयनं?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे काय आहे?"
खालच्या वळणावरून आप्पांचा आवाज आला,
"मास्तर, लाईन तुटली का?"

किती वेळ गप्प होतो मी? चार पावलं.
घारीला तेवढ्यात कुरण ओलांडता येतं.
"उतरती पायरी," मी म्हणालो, "वीतभर. दगड पक्का."
तिने पाय टेकवला. आधी चवडा,
मग बऱ्याच वेळाने टाच.

थांब्यावर शेंगदाणे निघाले, मी घार काढली.
"पाठीचा रंग कसा?"
"मातीसारखा."
"ओल्या की कोरड्या?"
मी, ड्रॉइंगचा मास्तर, गडबडलो.
"मध्ये ओल्या. कडेला कोरड्या."
"हां," ती म्हणाली, आणि टरफलं
मोजून माझ्या तळहातावर ठेवली.

खाली हायवेचे ट्रक ऐकू येऊ लागले तशी थांबली.
"इथून सपाट?"
"सपाट. दोनशे पावलं. मध्ये काही नाही."
"नक्की?"
"नक्की."
"मग आता बोलू नका."
दोरीचं तिच्याकडचं टोक माझ्या हातात दिलं
आणि निघाली.

मी मागे. तोंडात शब्द, सगळे तयार.
तिसाव्या पावलाला एक दगड होता, बोराएवढा.
जीभ दातांत धरली.
तिच्या बुटाला तो लागला,
ती थांबली, पाय मागे घेतला,
टोलवला,
आणि कुठवर जातो ते ऐकत राहिली.