पोच्याचं

काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला
सगळे चहा पाजतात,
जेवायला बस म्हणत नाही कुणी.
म्हणून तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत,
बावीस वर्षं मी माझी भूक
वजनांच्या लाकडी पेटीबरोबर वागवली
आणि काही गोष्टी शिकलो.

पाटीवर ‘घरगुती’ लिहिलेलं असेल तर पुढं चालायचं.
मेन्यूकार्डाला प्लास्टिक असेल तर
पाणी पिऊन उठायचं.
रिक्षावाल्याला विचारू नये, तो मेव्हण्याचं हॉटेल दाखवतो.
कंपाउंडरला विचारावं.
कुठं जेवून कोण आजारी पडलं नाही
हे त्यालाच ठाऊक असतं.

आणि सांगलीत, मार्केट यार्डात,
हळदीचे सौदे उठल्यावर
हमालांचे आकडे कुठल्या खिळ्यांना लटकतात
तेवढं बघायचं.

असंच बघत गेलो, तर
गोदामांची रांग संपते तिथं, बारदानाच्या दुकानामागं
रत्नव्वा बिराजदारांची खोली.
पाटी नाही. दाराला जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं,
त्यावर कोळशानं: ‘आज मसूर’.
सहा वर्षं झाली, मी तेच वाचतोय.
मंगळवारी वांगं असतं, तरी कॅलेंडर मसूरच म्हणतं.

चार बाकं. एक लंगडं, त्याखाली विटेचा तुकडा.
हमालांच्या बोटांचे पिवळे ठसे
भाकरीवर उमटत जातात.
‘हळद येगळी घालाय लागत न्हाई बघा,’
ती चुलीकडं तोंड ठेवूनच म्हणते.

मसूर अख्खा दिसतो
आणि जिभेवर आला की हट्ट सोडतो.
कांदा-लसणाची चटणी आधी गप्प बसते,
मग कानामागून येते.
पहिल्या घासाला आईची आठवण वगैरे यायला हवी होती.
नाही आली.
भूक आली.
जेवताना भूक लागावी, असं माझं तिथंच झालं.

वाढताना ती एक ओगराळं घालते,
पुन्हा पातेल्यात बुडवते
आणि वर थोडं.
प्रत्येकाला.
माझा धंदाच असा, की हे नजरेतून सुटेना.
एकदा विचारलं, मावशी, हे वरचं कसलं?

‘ओगराळ्याला पोचा आलाय न्हवं.
शिवलीलाच्या बारशाला घागर पडली त्याच्यावर.
तेवढं कमी भरतंय.
हे पोच्याचं.’

शिवलीला आता मिरजेत नर्सिंगला आहे.

म्हटलं, हातोडी आहे पेटीत, ठोकून देतो,
दोन मिनिटांचं काम.
तिनं ओगराळं पाठीमागं धरलं, लहान पोरीनं धरावं तसं.
‘नगं! सरळ केलं तरी हात काय ऐकतोय व्हय?
त्यो वर घालणारच.
मग माझाच तोटा.’
हमाल हसले. एकाला ठसका लागला,
त्याच्या ताटातही पडलं थोडं पोच्याचं.

दिवसभर मी पारड्यांच्या पोटाला चिकटवलेलं
शिसं खरवडतो, मेण खरवडतो,
एकदा तर चिंचोका निघाला.
सगळ्यांचे हात एकाच बाजूला चुकतात
हे मी कधीपासून धरूनच चाललो होतो.

न राहवून एका दुपारी
बाहेर कट्ट्यावर, छोटा काटा काढून
वाटीत वाटी धरून तोललं.
पोचा पस्तीस ग्रॅमचा.
ती घालते एकशे दहा.

दोनदा तोललं.
वहीत लिहिलं नाही.
मसूर गार होत होता, आत जाऊन खाल्ला.

साठ रुपये. सुट्टे नसतील तर उद्या.
पत्ता सांगितलाच आहे तुम्हाला,
फक्त गुरुवारी येऊ नका.
गुरुवारी मी असतो,
आणि ते लंगडं बाक
दोघांना पेलत नाही.