केंड

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर, साच्यांच्या कारखान्याच्या डोक्यावर
मी शेगडीच्या बटणाला कातडी शिवते.
शिवते म्हणजे ओतते: सिलिकॉन, दीड मिलिमीटर,
खाली हवेचे नऊ कप्पे, सुतळीएवढ्या नळ्या
आणि एक पंप, दमेकऱ्यासारखा.
दूध उतू जायच्या आधी बटणानं बोललं पाहिजे.
शिट्टी नको, दिवा नको, गिऱ्हाईक म्हणालं,
भावना हवी.

आनंदाला मी मऊ उंचवटे दिले,
तर सगळे म्हणाले, पित्त उठलंय.
दुःखाला खळगा दिला, तो बोटांना इतका आवडला
की लोक त्यात अंगठा ठेवून बसून राहिले.
राग मात्र पहिल्या फटक्यात जमला.
काटा. बटणभर, कोवळ्या फणसासारखा.
चौदा जणांनी डोळ्यांवर पट्टी बांधून हात लावला,
झटकन काढला,
चौदा जणांनी लिहिलं, राग.
मी तक्त्यातला रकाना हिरवा केला
आणि खाली जाऊन उसाचा रस प्यायले.

पंधराव्या चांगुणाबाई, दिवाळ्याच्या.
आठव्या वर्षापासून धक्क्यावर मासळी निवडतात.
मी पंप सुरू केला.
बटणाच्या अंगावर काटा आला.
बाईंनी हात काढला नाही,
उलट अख्खा पंजा ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि हसल्या, “आगो, ह्यो त केंड!”

“राग आलाय ना त्याला?”
(हे विचारायचं नसतं. विचारलं.)

“राग कशाचा गो.
जाल्यान गावला क फुगतो, काटं काढतो.
भ्यालाय त्यो.
लोका घाबरून मारतान, मंग फेकतान.
निसता हात ठेव. उतरल.”

उतरला.
एकेक काटा बसत गेला.
मला ठाऊक होतं, सातव्या कप्प्याला सकाळपासून गळती आहे,
वजन पडलं की हवा सुटते,
एकातली गेली की सगळ्यांतली जाते.
बाईंना हे सांगितलं नाही.

कागदावर राग, आनंद, दुःख, आश्चर्य, एवढ्याच चौकटी.
भीतीची मीच काढायला लावली होती,
स्वयंपाकघरात कोण कशाला भिईल, असं म्हणून.
समासात पेनानं एक चौकट आखली. वाकडी आली.

रात्री घणसोलीला, घरी, दूध तापत ठेवून समोर उभी राहिले.
उतू नको, मातू नको, आई म्हणायची,
मला आणि दुधाला, एकाच सुरात.
साय सुरकुतली, कडेनं सुटली,
फुगत फुगत काठाशी आली.
हात ठेवता येत नव्हता.
आच कमी केली, तर बसलं,
पातेल्याला आपली एक रेघ सोडून.

गिऱ्हाईक सोमवारी येणार आहे.
गळती अजून बुजवलेली नाही.