पेन्सिल उमटत नाही

गांजवे चौकातून आत वळलं की तिसरं दुकान माझं.
झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल.

सुलक्षणा ढाकणे पास झाली त्या वर्षी
तिच्या वहीच्या चारशे प्रती काढल्या मी.
सत्ताविसाव्या पानावर तिच्या चहाच्या कपाचं कडं होतं,
तेही चारशे वेळा उमटलं.
एका पोरानं त्या कड्यालाही हायलायटर लावला होता.

'अनुसूची'तला दुसरा उकार तिनं ऱ्हस्व काढलेला,
तो आता अख्ख्या नवी पेठेत चुकतो.

मग चौकश्या. भात खायची का?
पेन कुठल्या कंपनीचं?
अभ्यासिकेत पंख्याखाली तिची खुर्ची होती,
मालकानं तिचं भाडं दोनशेनं वाढवलं.

रावसाहेब तिडके तर पहाटे साडेतीनला उठायला लागला.
ती उठायची, कारण खोलीतल्या दुसऱ्या मुलीला
कॉल सेंटरची गाडी त्या वेळी आणून सोडायची
आणि आतून कडी काढायला कुणीतरी लागायचं.
हे तिनं मला सांगितलेलं,
सुट्ट्या पैशांची वाट बघताना.

मूळ वही मी हातात धरली आहे.
कोपरे फुगलेले. समासात पेन्सिलीनं, बारीक:
दादाचे बाराशे द्यायचे.
आज काहीच शिरलं नाही डोक्यात.
एके ठिकाणी नुसतंच, का?

पेन्सिल मशीनला दिसत नाही.
एकदा मुद्दाम डार्क वाढवून पाहिलं,
तर सगळं पानच करडं झालं,
उत्तरंसुद्धा.

हसतोय खरा, पण मी तरी कोण मोठा?
समोरच्या घैसासांचं दुकान चालतं म्हणून
महिनाभर मीही गिऱ्हाइकांशी तुटक बोलून पाहिलं.
त्यांच्याकडे लोक ओरडा खाऊन परत येतात.
माझ्याकडे आले नाहीत.

परवा रावसाहेब आला. चौथा निकाल लागून गेलेला.
हातात एकच कागद,
अक्षर गिचमिड, उजवीकडे कललेलं.
मी ओळखलंच नाही.
तीन वर्षं हा पोरगा तिच्या अक्षरात लिहीत होता.

"एक प्रत," म्हणाला.
काच पुसली, कागद पालथा घातला.
त्याच्याही समासात पेन्सिलीचं काहीतरी होतं.
वाचलं नाही.

"मूळ कागद तुझ्याजवळच ठेव," एवढं म्हणालो,
आणि रुपया सुट्टा नव्हता
म्हणून बरणीतली एक लिमलेटची गोळी दिली.