शंभरातले अडतीस

सावरखेड्याच्या फाट्यावर, टॉवरखालच्या कपाटात
शंभर वॅट आत जात, अडतीस बाहेर पडत
आवाज होऊन,
कुणी कापसाचा भाव विचारणारा,
कुणी नुसताच हॅलो, हॅलो.
उरलेले बासष्ट अॅल्युमिनियमच्या पात्यांवरून
डिसेंबरच्या रात्रीत विरत.
त्या बासष्टांसाठी कंपनीनं मला इथं धाडलं.

प्रवर्धकाची खोडच अशी:
शिखर क्वचित येतं,
पण येईल म्हणून हा रात्रभर पूर्ण आचेवर उभा.
गावाचं बोलणं जितकं कमी
तितकं याचं वाया जाणं जास्त.
पाच वर्षं हे आलेखावर पाहत होते,
कळलं मात्र फाट्यावरच्या टपरीत.

कौसल्याबाई ठमके एकटीच तर्री-पोहे देते.
दीर बाकाखाली झोपलेला.
वणीची एसटी वळणावर दिसली
की ती पळी आपटते,
तो उठतो, चाळीस बशा भरतो,
गाडी हलली की पुन्हा बाकाखाली.
‘दोघायनं दिवसभर उभं राहाचं
तं कमाई पायातच जाईन नं.’

तसे दोन ट्रान्झिस्टर मांडले मी.
एक सतत जागा, एक गर्दीपुरता.
मध्ये पाव तरंगलांबीची तांब्याची पट्टी,
तीन रात्री भिंगाखाली कुरतडलेली;
केसभर चुकली की आवाज फाटायचा.
चौथ्या पहाटे तेच अडतीस बाहेर,
आत फक्त त्र्याहत्तर.
वहीत लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.

रखवालदार गणपत उईके
कपाटावर तळहात ठेवून उभा.
‘म्याडम, हे तं गरमच नाई होऊन राह्यलं.
बिघडलं का?’

नाही, म्हटलं. सुधारलं.

त्यानं बोट खाली दाखवलं.
बुडाशी, पोत्यावर तांबडी कुत्री,
चार पिल्लं, डोळे अजून न उघडलेली.
बासष्टाचे पस्तीस झाले होते
आणि ते पहिल्यांदा तिला कळलं होतं.

उजाडायच्या आत
एकेकाला मानेशी धरून
ती डांबरी ओलांडू लागली, टपरीकडे.
चार फेऱ्या. मी मोजल्या.
तिसरीला वणीची एसटी आली,
पळी वाजली, दीर उठला.

बशा भरून तो परतला
तेव्हा बाकाखाली जागा नव्हती.
त्या दिवशी टपरीवर
दोघंही उभे होते.