जाडी

बॉयलर निवायला तीन दिवस घेतो.
चौथ्या दिवशी मॅनहोलमधून आत शिरायचं,
आधी टॉर्च, मग हेल्मेट, मग उरलेली मी.
मागे माहुलची खाडी, तिचा वास
दारापर्यंत येतो, आत येत नाही.

माझं काम जाडी मोजायचं.
नळीवर जेलचा थेंब, थेंबावर प्रोब,
आणि आकडा मोठ्याने सांगायचा:
पाच पूर्णांक एक. पाच. चार पूर्णांक सहा.
वळणावर, जिथे गॅस अंग चोरून वर जातो,
तीन पूर्णांक दोन.
हिराजी तांडेल खडूने फुली मारतात.
म्हणतात, "हिला खाल्ली."

आगीने नव्हे. आग नुसती तापवते.
खाते ती राख,
पिठासारखी मऊ, चिमटीत धरवत नाही इतकी,
वाऱ्यावर बसून रात्रंदिवस घासत जाते.
खाल्लेली नळी चकचकीत दिसते.
नवखा माणूस तिलाच चांगली समजतो.

मग तिच्यावर ग्रिट मारतात,
ओरबाडतात, पार खरखरीत होईपर्यंत.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
आधीच झिजलीय, वर हे कशाला?
"गुळगुळीतावर काय धरत नाय, बाय.
बापूस होडीला मुशीचं तेल लावायचा.
लावायला एक तास,
बूड खरवडायला अख्खा दिस."

निकेल-क्रोमच्या दोन तारा,
टोकाशी टोक, मध्ये निळी आग,
आणि दाबाची हवा तो वितळलेला धातू फेकते.
थेंब नळीवर आपटतो, चपटा होतो,
त्यावर दुसरा, त्यावर
कानाला मफ लावूनही दात हलवणारा आवाज.
एवढं सगळं अर्ध्या मिलिमीटरसाठी.

संध्याकाळी मी पुन्हा मोजते.
रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहिते:
झिजायला दिलेलं, शून्य पूर्णांक पाच.
बर्वेसाहेब लाल पेनाने खोडतात.
असा रकाना नसतो म्हणे.

हिराजी मार्चमध्ये रिटायर होतायत.
निघताना त्यांनी वळणावरच्या नळीवर,
नव्या थरावर, खडूने तारीख घातली
आणि खाली काहीतरी, मला वाचता आलं नाही.
परवा रात्री बॉयलर पेटेल.
सगळ्यात आधी
तेच जाईल.